मंदाताईची राहिलेली प्रदक्षिणा

मंदाताई गेल्याचा फोन मला तिच्या घरून आला नाही, शेजारच्या शबानाभाभीचा आला. "रेखा, मंदा गेली गं. मीच होते जवळ," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ती घरी परतली होती, मागून त्यांच्या कामतघर वस्तीतल्या लूमची, यंत्रमागांची, खडखड ऐकू येत होती. ताई गेली तेव्हा भावोजी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फोनवर लोकांना कळवत होते म्हणे. शेवटच्या घटकेला ताईचा हात धरायला शबाना होती... याचं मला नवल वाटलं नाही.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पडघ्याजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन ती भिवंडीत आली, ती लूमवाल्याच्या घरात. लहानपणी कुणा साधूने तिला कैलासाबद्दल सांगितलं होतं, ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. मुलांची लग्नं झाल्यावर ती तयारीला लागली. पहाटे उठून चालायची, दर सोमवारी एसटीने गणेशपुरीला जायची. भावोजी हसायचे. "हिला जिना चढताना दम लागतो, ही कैलास चढणार." पुढे त्यांच्या ओळखीतली चार मोठी माणसं यात्रेला निघाली, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचंही नाव घातलं.

नेपाळपर्यंत गाडी, तिथून बसने सरहद्द ओलांडून तिबेट. धुळीच्या त्या रस्त्यावर ताई खिडकी सोडायची नाही. मानसरोवराचं पाणी ओंजळीत घेतल्यावर तिला बोलताच येईना, असं तिनेच मला सांगितलं. परिक्रमेचा पहिला दिवस ती चालली. मुक्कामावरून कैलास अगदी समोर दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. वाटाड्या म्हणाला, हिला लगेच खाली न्यायला हवं, घरचं कुणीतरी बरोबर जा. भावोजींनी पिशवी खांद्याला लावली होती. म्हणाले, "एवढ्या लांब येऊन अर्ध्यावर कसं फिरू? तू जा. मी दोघांची प्रदक्षिणा घालतो."

ताईला एका तिबेटी ड्रायव्हरबरोबर खाली पाठवलं. सगळे परत येईपर्यंत ती एका धर्मशाळेसारख्या खोलीत ऑक्सिजन लावून पडून होती. तिथली एक म्हातारी तिच्या पायांना तेल चोळायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

परत आल्यावर भावोजींचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. "आमच्या मंडळींना झेपलं नाही, पण त्यांच्या वाटचं पुण्य मी घेऊन आलो," असं ते म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या. ताई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येऊन तिने आपलं अंथरूण मागच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवून घेतली. मी विचारलं, तर म्हणाली, "डोंगर बघाया गेलते गं. डोंगर बघितला... नि मानूस बी." पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही. भावोजींचं जेवणखाण, औषधं, सगळं वेळच्या वेळी करत राहिली. छाती मात्र तिची पुढच्या कितीतरी वर्षांत सुधारली नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून दम खायची, आणि भावोजी खाली पाहुण्यांना यात्रेचे फोटो दाखवत असायचे.

तेराव्याला भावोजी लोकांना सांगत होते, "पुण्यवान बाई. कैलास घडला तिला." मला राहवलं नाही. म्हटलं, "घडला नाही, भावोजी. तिची प्रदक्षिणा राहिली. तुमची झाली." कुणीतरी पंगत वाढायला घेतली.

निघण्याआधी ताईची एक साडी घ्यायला मी मागच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. मी घड्या उलगडत असताना भावोजी आले, ते उंबऱ्याबाहेरच थांबले. खोकले. मग दारावर बोटाने हलकेच वाजवलं, आणि इतकी वर्षं थांबत आले तसे, आतून हाक यायची वाट बघत मान खाली घालून उभे राहिले.

मी साडीची घडी घातली. 'या' म्हटलं नाही.