बुजवलेलं भोक

लोक त्याला पाटीवालाच म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता त्याची बोटं तयार झाली, आणि पाट्या छापून मिळू लागल्या तशी तीच बोटं माउसवर बसली. कुणी शिकवलं नाही. पडद्यावर तो न बांधलेली घरं उभी करी, त्यांच्या खिडक्यांतून ऊन आत सोडी. घरमालक ते बघून म्हणे, ही भिंत जरा सरकवा, आणि भिंत सरकायची. ना धूळ, ना घाव. न शिवलेला बूट त्याने गोल फिरवून दाखवला. कारखान्यातल्या कामगारांसाठी पडद्यावरच खोटी आग लावली. खऱ्या आगीत कुठल्या दाराने पळायचं, ते त्यांनी तिच्यात शिकून घेतलं.

हल्ली त्याच्याकडे हाडंही येत. इस्पितळ स्कॅन पाठवी, त्यातून तो हाड घडवी, मशीन ते प्लास्टिकात छापी. तिथल्या डॉक्टरीणबाई त्या छापील हाडावर धातूची पट्टी आधीच वाकवून स्क्रूच्या जागा ठरवत. मग माणूस टेबलावर फार वेळ उघडा राहत नसे.

या खेपेला जबडा होता बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा. स्कूटरवरून पडून उजवी बाजू फुटली होती. ऑपरेशन सकाळी दहाला. नऊ वाजता पाटीवाला चहा घेत ऐटीत बसला होता. समोर त्याची ताई सदऱ्याला काजं करत होती.

“काय जबडा झालाय, ताई! काचेसारखा गुळगुळीत. चौदा भोकं होती, सगळी बुजवली.”

“भोकं? हाडाला?”

“स्कॅनमध्ये पडतात गं. घर असो, बूट असो, भोक राहिलं की छपाई बिघडते. एक बटण दाबायचं, सगळी बंद.”

“बरं झालं शिवणकामात आला नाहीस. ही काजंही शिवून टाकली असतीस. मग गुंडी काय तुझ्या कपाळाला लावायची?”

तो हसला. मग कप ओठापाशीच थांबला.

त्याने मूळ स्कॅन उघडला. बारा भोकं वेडीवाकडी, कुठेही पडलेली. दोन मात्र हनुवटीच्या दोन अंगांना, समोरासमोर, एका उंचीवर. चूक अशी जोडीने पडत नाही. त्याने जबड्याचं चित्र शोधलं. त्या दोन भोकांतून नस बाहेर येत होती. खालच्या ओठाची सगळी जाणीव तिच्यातूनच. डॉक्टरीणबाईंनी काल छापील हाडाचा फोटो पाठवला होता, “पट्टी छान बसली” म्हणून. तिसऱ्या स्क्रूची खूण उजव्या भोकावर बरोबर पडत होती.

वाजवणाऱ्याचा ओठ!

इस्पितळात कुणी फोन उचलेना. त्याने स्कूटरची किल्ली घेतली.

“किल्ली इकडे दे, तू फोन लावत राहा,” ताई म्हणाली. “मागे बस. मी चालवते.”

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरने अडवलं. “पेशंट आत गेला. तुम्ही कोण त्याचे?”

“त्याचं हाड मी केलंय,” तो म्हणाला. “बाईंना सांगा, तिसऱ्या स्क्रूखाली नस आहे. तिचं भोक मीच बुजवलं.”

सिस्टर आत गेली, दार झुलत मिटलं. घड्याळात दहाला चार मिनिटं कमी होती. भिंतीला टेकलेल्या ताईने त्याचं मनगट धरून ठेवलं.

डॉक्टरीणबाई टोपी घालूनच बाहेर आल्या. त्याने मोबाइलवर मूळ स्कॅन धरला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला.

“याची नस नेहमीच्या जागेहून खाली आहे. मी वर शोधत बसले असते, आणि खाली...” वाक्य त्यांनी सोडून दिलं. “हाड घासूनपुसून देखणं करायला मी सांगितलं होतं का?”

“नाही, बाई.”

“पट्टी पुन्हा वाकवावी लागेल. तो अर्धा तास जास्त उघडा राहील.” जाता जाता त्या वळल्या. “आलात ते बरं केलंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेपाशी उभा होता. क्लॅरिनेटवाल्याचा जबडा बँडेजमध्ये बांधलेला, ओठ आणि डोळे तेवढे मोकळे. डॉक्टरीणबाईंनी कापसाचं टोक त्याच्या खालच्या ओठाच्या उजव्या बाजूवरून अलगद फिरवलं. काही हललं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं. ओठ थरथरला. क्लॅरिनेटवाल्याने खुणेने कागद मागून घेतला आणि लिहिलं: “गुदगुल्या.”

घरी येऊन पाटीवाल्याने जबड्याची फाइल नव्याने बनवली. खाली टीप लिहिली: भोकं चौदा. बुजवली बारा. दोन त्याची स्वतःची.