स्टेटमेंटमधून काढलेला परिच्छेद

मी बार्शी सोडली तेव्हा बाबा एका पेशंटचं बीपी बघत होते. सामान गाडीत भरून झालं होतं. मी निरोप घ्यायला दवाखान्यात गेले, तर त्यांनी स्टेथोस्कोप कानातून न काढता हातानेच थांब अशी खूण केली. मग पट्टा सोडला, आकडा लिहिला आणि म्हणाले, "सर्टिफिकेटं हातातल्या बॅगेत ठेव. मोठ्या बॅगेत टाकू नकोस." मी पाया पडले. बाकावरची एक आजी म्हणाली, "जावा की डॉक्टर, विमानापर्यंत तरी." बाबा म्हणाले, "आणि तुम्हाला कोण बघणार?" सगळे हसले, मीही हसले. मी एमबीबीएस झाले तेव्हा त्यांनी पाटीवर स्वतःच्या नावाखाली माझं नाव रंगवून घेतलं होतं. पुढे लग्न ठरलं आणि पाटी तशीच राहिली.

हल्ली आपल्या कॉलेजची मुलं मला मेसेज करतात, "ताई, रेसिडेन्सीच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये किती क्रिएटिव्ह व्हायचं?" घरच्यांना हे कळायचं नाही म्हणून सांगते. अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करायचं तर परीक्षा पास होऊन भागत नाही. एखाद्या हॉस्पिटलात ट्रेनिंगची जागा मिळावी लागते, त्याला इथे मॅच होणं म्हणतात. अर्जासोबत स्वतःबद्दल एक पान लिहायचं असतं, तेच हे स्टेटमेंट. मुलांना मी दोन ओळींत उत्तर देऊन टाकते. खरं उत्तर लांब आहे.

माझा नवरा निखिल आयटीत. जर्सी सिटीत आमचा फ्लॅट इतका वर की खिडकीतून सगळं मॅनहॅटन दिसायचं. मी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "आणि कपडे कुठे वाळत घालतेस?" निखिल सकाळी ट्रेनने ऑफिसला जायचा आणि मी त्या खिडकीकडे पाठ करून अभ्यास करायचे. डिपेंडंट व्हिसावर दुसरं करता येण्यासारखं फार नव्हतं. परीक्षा पास झाले, अर्ज केले, कुठेच मॅच झालं नाही. पदवीला फार वर्षं झालेल्यांचे अर्ज काही ठिकाणी उघडतही नाहीत, तेव्हा पुढचं वर्ष शेवटचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

त्याच मधल्या काळात बाबा गेले. ओपीडी चालू असताना छातीत दुखायला लागलं. ॲसिडिटी आहे म्हणून त्यांनी आणखी काही पेशंट तपासले. आई तेव्हा पुण्याला मावशीकडे होती. शेवटी शेजारच्या मेडिकलवाल्या काकांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घातलं आणि सोलापूरला निघाले. कंपाउंडर बरोबर यायला निघाला, तर बाबा म्हणाले, "तू थांब, लोक बसलेत." काका गाडी चालवत होते आणि बाबा मागे एकटे होते. सोलापूर यायच्या आतच ते गेले.

आमचं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत यायची खात्री नाही. आई म्हणाली, "येऊ नकोस. येऊन आता काय करणार?" चुलतभावाने अग्नी दिला आणि मी तो फोनवर पाहिला. मग फोन ठेवला आणि डिशवॉशर रिकामा केला. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं माझं महिनोन्महिने झालं होतं. लोक सांत्वनाला फोन करायचे आणि मी त्यांनाच धीर द्यायचे. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

अशा अवस्थेत मी स्टेटमेंट लिहायला बसले. न्यू जर्सीतच एडिसनला शैलाकाकू म्हणून आमच्या ओळखीच्या आहेत. तिथल्याच हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टर म्हणून जन्म काढून आता रिटायर झाल्या आहेत. त्यांना वाचायला दिलं. चष्मा लावून पहिला परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "अगं, तुला बघायला येणारेत का?" मी परत वाचलं तर खरंच. मी सुशिक्षित, सुसंस्कृत कुटुंबातली आहे. वडील डॉक्टर, आई गृहिणी. धाकटी बहीण पुण्यात वेल सेटल्ड. फक्त उंची आणि पत्रिका तेवढी राहिली होती. आयुष्यात स्वतःबद्दल एकच कागद लिहिला होता, तो लग्नाचा बायोडाटा. लेखणी आपोआप त्याच वाटेने गेली. काकू पोट धरून हसल्या. मी चहाचे कप उचलून आत ठेवले.

"यार, तुझ्याकडे एवढी स्ट्राँग स्टोरी आहे," निखिल म्हणाला. "बाबांचं लिही ना."

"मी कुठे होते तिथे?"

"एक लाइन चेंज करायची. कोण चेक करायला बार्शीला जाणार आहे? लास्ट चान्स आहे आपला."

तो वाईट बोलला नाही. त्यालाही मी परत खिडकीकडे पाठ करून बसलेली नको होते.

म्हणून मी ती ओळ बदलली. दुपार होती, खाली रस्त्यावर कसलंसं खोदकाम चालू होतं. मी इंग्रजीत लिहिलं की त्या दिवशी मी दवाखान्यात होते. बाबा ॲसिडिटी म्हणाले तेव्हा मी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि ऐकलं नाही. त्यांना ॲस्पिरिन चघळायला दिली. गाडीत त्यांच्या शेजारी बसले. मेडिकलवाले काका गाडी चालवत होते, मी बाबांचा हात धरला होता आणि बोट नाडीवर होतं. एवढं लिहिलं आणि मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम आलं. टेबलाची कड धरून मी मोठ्याने रडत होते आणि मधेच वर बघून तेच वाक्य पुन्हा वाचत होते.

काकूंनी ते वाचलं तेव्हा हसल्या नाहीत. "तू होतीस तिथे?"

"नाही."

कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "फार छान लिहिलंयस. पण इंटरव्ह्यूला जिथे जाशील तिथे हेच विचारतील. दर वेळी सांगशील?"

मी त्यांच्याच सोफ्यावर मनात सांगून पाहिलं. पहिल्यांदा आवाज कापेल. चौथ्या-पाचव्यांदा कुठे थांबायचं ते कळेल. शेवटी ती वॉर्डात सांगायची केस होईल, छातीत दुखणारा पुरुष, वय अमुक, मधुमेह नाही. खोटं पकडलं जाईल याची भीती मला खरं तर कमी होती. पण सांगून सांगून बाबांचा तो हात झिजवायची माझी तयारी नव्हती. घरी येऊन मी परिच्छेद काढून टाकला. निखिलने विचारलं, "शुअर ना?" मी हो म्हटलं.

त्या जागी मी साधंच लिहिलं. बाबा पेशंटला गोळ्या समजावून झाल्या की म्हणायचे, "काय सांगितलं मी? म्हणून दाखव." पेशंटने बरोबर म्हटल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. यावरून लोक त्यांना मास्तर म्हणून चिडवायचे. इथे त्याला टीच-बॅक म्हणतात आणि त्याचं ट्रेनिंग असतं, हे मी पुढे शिकले. इंटरव्ह्यू थोडेच आले. मिशिगनमधल्या एका ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी त्याबद्दल विचारलं आणि मी न अडखळता बोलले. तिथेच मॅच झालं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं."

आता मी मिशिगनमध्येच ॲन आर्बरजवळ राहते, निखिल जमेल तसा येतो. सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडून हॉस्पिटलला जाते. बार्शीचा दवाखाना आईने एका दातांच्या डॉक्टरला भाड्याने दिला, पाटीही बदलली. मधे जाऊन आले. घर स्वच्छ होतं, आईने सगळं माझ्या आवडीचं केलं होतं, आणि मी पाहुण्यासारखी बसून जेवले. पुन्हा तेच, ओठ आपला असून आपला न वाटणारं. मुलांना मी लिहिते, जे पुन्हा पुन्हा सांगता येईल तेवढंच स्टेटमेंटमध्ये लिहा. बाकीचं त्यांना सांगत नाही.

काढून टाकलेला तो परिच्छेद मला पाठ आहे. त्यात बार्शी-सोलापूर रस्ता आहे, काका गाडी चालवतायत, मागे बाबा आहेत. इथे कुणी विचारलं, घर कुठे, तर मी बार्शी म्हणते. पण डोळ्यांपुढे येते ती त्या गाडीची मागची सीट. मी तिथे कधीच नव्हते, आणि दुसरीकडे कुठे आता मला रडू येत नाही.