खंडेनवमीची फ्रेंच कात्री

आमच्या घरात इंग्रज आणि फ्रेंच यांचं वैर होतं. तिकडे युरोपात ते कधी पेटायचं, कधी मिटायचं. आमच्याकडे त्याला खंड नव्हता. इंग्रजांच्या बाजूने माझे थोरले चुलते, त्यांना सगळे आबा म्हणत. फ्रेंचांच्या बाजूने माझे वडील, म्हणजे दादा. दोघेही साताऱ्यापासून दोन कोसांवरच्या गावातले ऊस लावणारे शेतकरी, दोघांच्याही डोक्याला पटका, आणि दोघांनाही ना धड इंग्रजी येत होती ना फ्रेंच.

दोघे पहिल्या महायुद्धात गेले होते. आबा बसऱ्याला एका इंग्रज साहेबाचे अर्दली होते. साहेबाने दाढी कशी केली, चहा किती वाजता घेतला, बूट कुठे काढले, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. दादा खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सात गेले. एका गावात त्यांच्या खेचराचा पाय मोडता मोडता वाचला, म्हणून ते पाच-सहा आठवडे एका म्हातारीच्या गोठ्यात राहिले. म्हातारीचे मुलगे लढाईवर, नवरा मेलेला, आणि द्राक्षाचा मळा ती एकटी सांभाळायची. ती दादांना स्वतःच्या मेजावर बसवून जेवायला वाढायची.

"इंग्रजानं तुमाला कवा शेजारी बसवून जेवाय घातलं, आबा?" दादा विचारायचे.

"सायब सायबासारखा ऱ्हातो," आबा म्हणायचे. "तुझी म्हातारी मळकी असंल. इंग्रज बघ कसा, घड्याळाच्या काट्यावर मुतायला जातो."

आबा बैलांशी इंग्रजी बोलायचे. "क्विक मार्च" म्हटलं की आमची जोडी खरोखरच चालायला लागायची. दादांनी मग इरेला पडून म्हशीला फ्रेंच शिकवायला घेतलं. धार काढून झाली की ते तिच्या पाठीवर थाप मारून "मेर्सी", म्हणजे आभारी आहे, असं म्हणायचे. म्हशीवर काही परिणाम झाल्याचं दिसलं नाही, पण आबांच्या बैलाने एकदा आबांना शिंग मारलं, आणि तो दिवस दादांनी सणासारखा साजरा केला. एकदा तर हे दोघे बांधावर उभे राहून कोणाचं आरमार मोठं यावर भांडत बसले आणि कालव्याच्या पाण्याची आमची पाळी सरळ शेजारच्या उसात गेली. आई त्या दिवशी दोघांना वाढायलाच आली नाही.

फ्रान्स पडल्याची बातमी मीच वाचून दाखवली होती. साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागल्यापासून घरात वर्तमानपत्र वाचणं माझ्याकडे होतं. त्याआधी घरात कोणाला आपल्या सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. मुलगी असून मला शाळेत जाऊ दिलं तेही ती 'इंग्रजी' शाळा होती म्हणून. आबांनी बातमी ऐकली आणि मिशीवर हात फिरवला. दादा दोन वेळा जेवले नाहीत. पुढे सिंगापूर पडलं, तेव्हा दादांनी फक्त एवढंच विचारलं, "आबा, ह्ये सिंगापूर कुठशीक आलं ओ?" आबा उठून गोठ्यात गेले. आणि गावची पोरं इंग्रजाला चलेजाव म्हणत बाहेर पडली तेव्हा आबा आठ दिवस ओसरीवरून हलले नाहीत आणि दादांचा मुक्काम चावडीवर, त्या पोरांच्या घोळक्यात. मला दोघांचाही राग यायचा. आपला देश परक्याच्या दावणीला बांधलेला, आणि हे दोघे दाव्याचा रंग कोणता चांगला यावर भांडतायत.

पण या वैराचा खरा दिवस वेगळाच होता, खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची आणि शस्त्रांची पूजा होते. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पणजोबांची तलवार, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. या मांडणीत आबा आपलं खिशातलं घड्याळ ठेवायचे. साहेबाने जाताना दिलेलं. दादा ठेवायचे छाटणीची एक कात्री, वाकड्या चोचीची, घट्ट स्प्रिंगची. म्हातारीने निघताना दिलेली. आणि कात्रीखाली एक पत्र. दादा फ्रान्समधून हलल्यावर दोन-तीन महिन्यांनी म्हातारीचं ते पत्र पलटणीत आलं होतं. फ्रेंचमध्ये. ते कोणीच कधी वाचलं नव्हतं. वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहून त्याचा कागद पिवळा-तांबडा झाला होता आणि आमच्या घरात त्याला एखाद्या पोथीचा मान होता.

तलवारीच्या उजव्या हाताला घड्याळ की कात्री, यावरून भांडण सुरू व्हायचं आणि दरवर्षी एकाच ठिकाणी येऊन थांबायचं.

"दिलेली न्हवं, उचलल्याली कात्री हाय ती," आबा म्हणायचे. "न्हाईतर पत्र सायबाकडनं वाचून का घेतलं न्हाईस?"

"माझं पत्र मी इंग्रजाकडनं वाचून घिऊ?" दादा गरजायचे.

इंग्रजाकडून काही करून न घेण्याचा दादांचा बाणा साऱ्या गावाला ठाऊक होता.

मी मॅट्रिक झाले आणि मला सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं. दुसऱ्या कशाहीपेक्षा मला ते जास्त हवं होतं. आत्या सांगलीत राहायची, तिचे यजमान हळदीच्या अडतीत कामाला होते, म्हणजे राहण्याची सोय होती. अडचण एकच. आमच्या आजीने मरताना दोन्ही मुलांकडून शब्द घेतला होता: घरातल्या लेकराचा निर्णय दोघांच्या होकाराशिवाय करायचा नाही. बिचारीला वाटलं असेल, यामुळे भाऊ एकत्र राहतील. पण झालं असं, की दादा हो म्हणाले रे म्हणाले की आबा नाही म्हणणार. आणि आबा नाही म्हणालेच. "इंग्रजी आली, बास झालं. आता पोरीचं लगीन." शेजारच्या गावातल्या एका जमादाराच्या मुलाचं स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलं होतं.

मी तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी डोळे धुतले आणि ठरवलं, रडून या घरात कोणी काही मिळवलेलं नाही. भांडून मात्र दोघे वीस-पंचवीस वर्षं मजेत जगतायत. मी आबांकडे गेले. ते दाढी करत होते.

"आबा, सांगलीच्या कॉलेजात फ्रेंच शिकिवत्यात."

"मग?"

"काय न्हाई. फ्रेंच आली तर दादांचं पत्र वाचता यील."

आबांचा वस्तरा गालावर थांबला. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. संध्याकाळी त्यांनी ओसरीवर जाहीर केलं, "पोरीला सांगलीला धाडू या. पर फ्रेंच शिकली पायजे. पुढच्या न्हाई, त्याच्या पुढच्या खंडेनवमीला पत्र वाचून दावायचं. दुसऱ्याकडनं वाचून घेतल्यालं चालायचं न्हाई. आलं तर शिकंल तितकं शिकू दे. न्हाई आलं तर जमादाराचं घर."

आता दादा अडकले. जन्मभर फ्रेंचांचा झेंडा मिरवलेला माणूस पोरीने फ्रेंच शिकू नये असं कोणत्या तोंडाने म्हणणार? ते "बरं" म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, मी दूर जाणार म्हणून. मी माझ्या युक्तीवर इतकी खूश होते, की त्या चेहऱ्याकडे मी पुन्हा पाहिलंही नाही.

सांगलीत आत्याच्या घरी कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीला, सगळ्याला हळदीचा वास. पेठेपासून कॉलेजपर्यंत टांगा मिळाला तर टांगा, नाहीतर पायी. फ्रेंचच्या वर्गात आम्ही तिघंच होतो, दोन मुलगे आणि मी. आमचे प्राध्यापक साठीला आलेले, सोवळ्यात जेवणारे आणि फ्रेंचवर जीव टाकणारे. "नाकातून बोला, नाकातून," असं ते सांगत. इंग्रजाची खोड ठाऊक होती, तो शब्दातलं एखादं अक्षर गिळतो. फ्रेंच माणूस तर चार-चार अक्षरं लिहितो आणि एकाचाही उच्चार करत नाही. दोघांचं वैर कशावरून आलं असेल ते मला तेव्हा कळलं. दोघेही लिहितात एक, बोलतात एक, आणि दुसऱ्याला अडाणी समजतात.

पण क्रमिक पुस्तकात होते राजे, सरदार, बागेत फिरणाऱ्या बायका. मला वाचायचं होतं एका शेतकरी म्हातारीचं पत्र. ती कशाला राजाबद्दल लिहील? ती लिहिणार गाईबद्दल, पावसाबद्दल, गुडघेदुखीबद्दल. मी प्राध्यापकांना बादलीला काय म्हणतात ते विचारलं. मग गव्हाणीला, विळ्याला, शेणाला. शेणापाशी त्यांनी चष्मा काढला. "बाई, परीक्षेत हे येत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्या परीक्षेत हेच येणार आहे. त्यानंतर त्यांनी ग्रंथपालाला सांगून मला ग्रंथालयातला मोठा कोश रोज एक तास बघायची परवानगी मिळवून दिली. मी वहीत शेतीचे शब्द उतरवत गेले. ती वही हळदीने पिवळी झाली. खुरपं, खत, खेचर, खूर. छाटणीच्या कात्रीला 'सेकातर' म्हणतात, हेही त्यात होतं. दादांना बरं वाटेल म्हणून तो शब्द मी दहादा लिहून काढला.

ठरलेली खंडेनवमी आली. मी आदल्या दिवशी गावी पोचले. सकाळी पूजा झाली. त्या वर्षी डावं-उजवं भांडण झालंच नाही. आबांनी स्वतःहून कात्री उजवीकडे ठेवली, इतकी त्यांना घाई. आई दाराशी उभी. दादा पाटासमोर मांडी घालून बसलेले, नजर खाली.

मी पत्र उचललं, हळद झटकली. अक्षर वाकडंतिकडं, शाळा अर्धवट सोडलेल्या हाताचं. पहिली ओळ मनात वाचली. खेचराचा पाय बरा झाला का, असं म्हातारीने विचारलं होतं. दुसऱ्या ओळीत मला 'सेकातर' दिसलं. मग तिसरी ओळ, चौथी. शब्दन्‌ शब्द मला कळत होता, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं पहिल्यांदाच वाटलं. खोटं वाचणं अगदी सोपं होतं. तिथे मला पकडणारं कोण होतं?

"काय गं, अडलीस?" आबा पुढे सरकले.

दादांनी मान वर केली. "अडली न्हाई ती. हाय तसं वाच, पोरी. मला ठावं हाय त्यात काय असंल ते."

मी वाचलं. एकेक ओळ आधी फ्रेंचमध्ये आणि मग आमच्या भाषेत. म्हातारीने लिहिलं होतं: तुम्हाला पहाटे एकाएकी हलवलं, तेव्हा माझ्या नवऱ्याची कात्री तुमच्या कोटाच्या खिशात राहिली असेल. तुम्ही चोरी करणारे नाही हे मला माहीत आहे. पण छाटणीचे दिवस आलेत, दुसरी कात्री या लढाईत मिळत नाही, आणि शेजारी त्याची देत नाही. कृपा करून पाठवा. मी वाट बघते.

म्हणजे जिची आम्ही दरवर्षी फुलं वाहून पूजा केली, ती परत मागितलेली वस्तू होती. आणि पोथीसारखं जपलेलं पत्र म्हणजे तिचा तगादा.

"कोटाच्या खिशात गावली," दादा म्हणाले. "बोटीवर चढल्यावर. पत्र आलं तवाच उमगलं. वाचून घ्यायचं धाडस झालं न्हाई. म्हटलं, न्हाई वाचलं तर दिलेलीच समजायची." एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता. इतकी वर्षं फ्रेंचांची बाजू घेऊन ते इतक्या जोराने का भांडत होते, ते मला तेव्हा समजलं. आणि ओसरीवरचा तो उतरलेला चेहराही. मला माझ्या युक्तीची लाज वाटली.

आबा आता हसणार, म्हणून मी दात आवळून बसले. एवढ्याचसाठी त्यांनी मला सांगलीला पाठवलं होतं. पण आबा हसले नाहीत. त्यांची नजर पाटावरच्या आपल्या घड्याळाकडे गेली. मग त्यांनी ते उचलून खिशात टाकलं. त्या घड्याळाबद्दल मी त्यांना कधीच काही विचारलं नाही.

"कवाचं हाय पत्र?" त्यांनी विचारलं.

मी तारीख वाचली. सन सोळा.

"म्हंजी अठ्ठावीस वर्सं," आबा म्हणाले. "ती बाई वाट बघत बसली आन्‌ आपुन हितं फुलं वाहतोय. घरात एक वाचणारं माणूस नव्हतं म्हणून." ते दादांकडे वळले. "गड्या, हिला शिकू दे. पायजे तितकं."

"व्हय," दादा म्हणाले.

माझ्या माहितीत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच वेळ. आईने पदर डोळ्यांना लावला. दादांनी कात्री उचलली, धोतराच्या सोग्याने तिच्यावरचं कुंकू पुसलं, तेल दिलं आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. लढाई संपून टपाल सुरळीत झालं की पाठवायची, असं ठरलं. पार्सल लंडनवरून जाऊ द्यायचं की नाही यावरून लगेच दोघांची जुंपली, आणि मला हायसं वाटलं.

त्याच दिवशी ओसरीवर बसून मी म्हातारीला उत्तर लिहायला घेतलं. ती जिवंत असेल की नाही, मला माहीत नव्हतं. तरी लिहायचंच होतं. आयुष्यात फ्रेंचमध्ये लिहिलेलं ते माझं पहिलं पत्र. त्याची सुरुवात अशी होती: बाई, आपलं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला, कारण मी अजून शाळेत गेले नव्हते.