बाळंतिणीच्या खोलीतला दवाखाना

माझी लेक सर्जन आहे. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोटाची ऑपरेशनं करते. बाळंतपणाला अमरावतीला माझ्याकडे आली, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं, की हिला आता परत जाऊ द्यायचं नाही. पुढच्या खोलीत दवाखाना टाकायचा, सर्दी-खोकला बघायचा, पोर सांभाळायचं. तिच्या बॅचला म्हणे पोरीच जास्त होत्या. असतील बापा, पण बाईच्या हातात आपलं पोट कोण देते, असं आपलं माझं मत. विचारलं कोणी नव्हतं, तरी रोज ऐकवत होते.

सवा महिना उलटला तरी मी तिचे कान बांधूनच ठेवले. बाहेर जाणं बंद. पण झबलं घेऊन बाळ पाहायला येणाऱ्या बायांना कोण अडवते? झबलं ठेवलं, की पिशवीतून रिपोर्ट निघायचा. कोणाची पाळी, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत. मी बाळंतपणाची डॉक्टर नाही, हे सांगून सांगून लेक थकली. बाया म्हणत, असं कसं, बाई आहेस ना. आणि दारात बसून एकेकीला आत सोडणारी कोण, तर मी. घरबसल्या किती पेशंट येतात, ते लेकीला दाखवायचं होतं ना.

तिची रजा संपत आली तेव्हा माझी बडनेऱ्याची मैत्रीण आली. जेवलं की उजवीकडे कळ येते म्हणाली. लेकीनं पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन सांगितलं.

मी लगेच म्हटलं, एखादा चांगला पुरुष डॉक्टर पाहू. मैत्रिणीनं माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही.

"मले तुह्याच हातानं करायचं, पोरी. अकोल्याले कधी चालली तू?"

"आईले विचारा, मावशी," लेक म्हणाली.

दोघी माझ्याकडे पाहत बसल्या.

"सोमवारी," मी म्हटलं. "मीबी चालली. बाळाले कोण पाहीन?"

ऑपरेशनच्या दिवशी बाळाला घेऊन बाहेर बसले. मैत्रिणीच्या मालकांना धीर द्यायचं काम माझ्याकडे होतं. उलट त्यांनीच मला चहा पाजला. लेक बाहेर आली. आईला आधी सांगेल म्हणून मी उठून पुढं झाले. ती सरळ त्यांच्याकडे गेली, सगळं नीट झालं म्हणाली. मग बाळाला घेतलं, त्याचा मुका घेतला. माझ्याकडे वळते तोच आतून नर्सनं हाक मारली, आणि बाळ परत माझ्या हातात.