तवंदीच्या घाटातली भजी

चहा घ्या आधी. ही गोष्ट काढली की मी तापतो, आणि मग चहा गार होतो. राग आजही येतो, अगदी तसाच येतो! कुणाचा, ते पुढं कळेलच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी निपाणीत राहायचो आणि संकेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. सकाळी तवंदीचा घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. त्यासाठी एक जुनी फियाट घेतली होती. शेजारच्या सीटवर हिरेमठ सर, आमच्या शाळेतले कन्नडचे मास्तर. फार शांत माणूस. मला शांत माणसांचाही राग येतो!

एके दिवशी ब्रेक दाबला की खर्र खर्र आवाज यायला लागला. गाडी बाळूच्या गॅरेजवर नेली. बाळू माझा लहानपणचा मित्र, एका बाकावरचा. त्यानं चाक काढलं आणि माझ्यावरच खेकसला.

"मास्तर, डोळं हायत का बटणं? ड्रमला घासून चाक थांबिवतोय त्यो लायनर पार संपलाय! रिबिटी घासून ड्रमला चर पडल्यात."

"मग लेथवर घासून घे की."

"एकदा घासलाय न्हवं? आता पापड व्हायचा त्येचा. नवं आण. आणि वाजवून घे. खणखणला तरच चांगला, बद्द वाजला तर चीर असतीया."

कोल्हापुरात जाऊन मी माठ घ्यावा तसे दुकानातले सगळे ड्रम वाजवले. दुकानदार वैतागला, मी त्याच्यावर डाफरलो. येताना कोगनोळीच्या सीमानाक्यावर डिकी उघडायला लावली, तिथंही भांडलो. एवढं भांडून आणलेली वस्तू! जीव जडणारच की नाही?

रविवारी बाळू घरीच आला बसवायला. अंगणात पुढची चाकं काढली, नवे लायनर लावले, ड्रम पेट्रोलनं पुसून लख्ख केले. तेवढ्यात माझ्या बायकोनं, सुमननं, जेवायला हाक मारली. तो आत गेला आणि मी बाहेर उभा. बुरबुर पाऊस, आणि समोर ते कोरडं ठणठणीत लोखंड! तेलाचा एक थेंब नाही! माझं टाळकंच सटकलं.

अहो, आमची आई नवा तवा आणला की आधी त्याला तेल चोळायची. एवढं साधं या मेस्त्रीला कळू नये? चिक्कू लेकाचा! पडवीतल्या फळीवरची तेलाची बाटली घेतली आणि दोन्ही ड्रमना आतून चोळून चोळून तेल लावलं. बाळूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद घातला असता त्यानं. तो आल्यावर ड्रम मीच उचलून दिले. त्याचे हात परत ग्रीसनं माखलेले, त्याला काय कळणार?

गल्लीत चक्कर मारली. गाडी थांबली, पण जरा लांब जाऊन. "नवं हाय, बसंल हळूहळू," बाळू म्हणाला.

सोमवारी सकाळी घाट चढताना ब्रेकची फारशी गरजच पडली नाही. संध्याकाळी उतरताना पहिल्या वळणावर पाय दाबला. गाडी आपली चाललीच!

हिरेमठ सरांनी नाक वर केलं. "सर, इल्ले, इथंच कुठंतरी भजी तळायलेत बघा."

"घाटात कोण तळतंय भजी?"

"वास छान येतंय की हो."

समोर तंबाखूची बैलगाडी, बाजूला दरी, मी ब्रेकवर जवळजवळ उभा, आणि या माणसाला भूक लागलीय! गिअर खाली पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातली. धुरळा बसल्यावर सर शांतपणे उतरले. "मी बसनं येतो," म्हणाले.

मी पहिल्या गिअरमध्ये रखडत थेट गॅरेजवर. तिथं संध्याकाळची गर्दी. मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं. "चोरा! जुनेच लायनर घातलेस! जीव घेत होतास माझा!"

एकानं आपली स्कूटर हळूच बाहेर काढली. बाळूचा चेहरा पडला. त्याचं पोट त्याच्या नावावर चाललेलं, मला काय ठाऊक नव्हतं? पण राग आल्यावर मी थांबतो होय!

"सगळ्यांम्होरं उघडतो," तो म्हणाला. "माजी चूक निघाली तर गॅरेजला कुलूप. तुजी निघाली तर?"

"माझी? हात जोडून माफी मागीन!"

ड्रम निघाला आणि गॅरेजभर तळणीचा वास सुटला. बाजारातून येणारी सुमन गर्दी बघून आत शिरली, वाकली, आणि ओरडलीच.

"अगं बाई, शेंगतेल हाय हे! म्हणून बाटली तळाला गेली व्हय? मी मांजराला झोडपलं की ओ!"

बाळू माझ्याकडं बघतच राहिला. "शाळंत काय शिकिवतोस रं तू?"

"विज्ञान."

"कंचा धडा चाललाय?"

"घर्षण."

मग जे सगळे हसत सुटले! स्कूटरवाला परत आला. मी सगळ्यांसमोर हात जोडले. राग कुणाचा येतो, कळलं ना आता?

"लायनर तेल प्यालाय, गाडी ऱ्हाऊ दे हितंच," बाळू डोळे पुसत म्हणाला. "आणि मास्तर, तेल डोक्याला लाव. तापतंय ते."

घरी मुकाट्यानं पाटावर बसलो. खोबरेल संपलं होतं. सुमननं बाटलीच्या तळाशी उरलेलं शेंगतेलच माझ्या टाळूवर थापलं.

दुसऱ्या दिवशी बसनं निघालो. हिरेमठ सर शेजारी येऊन बसले, नाक वर केलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, आजसुद्धा भजी?"