आठाचा खिळा

सून काय काम करते, असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमधी हाय" एवढंच सांगायचो. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, माझं नाय व्हायचं. उमर पिशोरच्या बाजारात मापाडी म्हणून काढली, माणूस काय विकतोय ते कळल्याबिगर मला चैन पडत नाय. चौथीतून शाळा सोडली ती मास्तरशी पटलं नाही म्हणून, असं मी चारचौघांत सांगत आलो. खरं तर पाढे तेराच्या पुढं सरकत नव्हते. त्यात मास्तरचा काही दोष नव्हता.

आता उस्मानपुऱ्यात मुलाकडं राहतो. सून घरूनच काम करते. तिच्या टेबलावर एक उघडी हिरवी पट्टी असते, तिला तारा जोडलेल्या, कडेला दोन बारीक दिवे लुकलुकत. एक दिवस खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, आज समजल्याशिवाय उठणार नाय. तिनं आधी टाळून पाहिलं. मी पाय वर घेऊन बसलो. मग तिनं सांगितलं.

ती पट्टी म्हणजे नेटवर्कचं कार्ड. कॉम्प्युटरला तारेनं बाहेरच्या जगाशी जोडून देतं. आपली तब्येत कशी आहे ते कार्ड स्वतःच पोटातल्या एका जागेत नोंदवत राहतं, त्या जागेला रजिस्टर म्हणतात. त्यात वाक्यं नसतात. नुसती घरं असतात, आणि प्रत्येक घरात एक किंवा शून्य. तार जोडलेली आहे का, माल आलाय का, काही बिघडलंय का, प्रत्येक गोष्टीला एक घर. अशा खुणेला ती फ्लॅग म्हणते. पहिल्या घराची किंमत एक, दुसऱ्याची दोन, मग चार, आठ, सोळा. भरलेल्या घरांची बेरीज केली की एकच आकडा होतो. कोडमध्ये ती त्या प्रत्येक घराला नाव देते आणि आकडा हातात आला की नावानं विचारते, तू आहेस का, तू आहेस का.

मी उडालोच. हे तर आमच्या बापाचे शेर! छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर, प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. पारड्यात किती भार आहे ते सांगा, कोणकोणती वजनं टाकलीत ते मी पारड्याकडं पाठ फिरवून सांगतो. सुनेला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "बरोबर मामा, अगदी तेच."

एवढं ती म्हणाली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं. त्या दिवसापासून मी स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो.

घरात एक अडचण होतीच. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, तिला साखरेचा आजार, सकाळी इन्सुलिनची सुई लागते. कधी मुलगा कामावर जाण्याआधी देतो, कधी सून देते. आणि म्हातारीला अलीकडं आठवत नाय, सुई झाली का राहिली. एकदा दोघांनीही दिली. ती घामानं थबथबली, डोळे फिरवले, दवाखान्यात न्यावी लागली. तवापासून घरात सगळ्यांना त्या सुईची भीती बसली.

मग मी एक फळी आणून स्वयंपाकघराच्या दाराशी ठोकली. फळीला चार खिळे. पहिला, एकाचा, टाकीत पाणी चढलं त्याचा. दुसरा, दोनाचा, दूध आलं त्याचा. तिसरा, चाराचा, माझ्या बीपीच्या गोळीचा. चौथा, आठाचा, म्हातारीच्या सुईचा. बाटल्यांची झाकणं भोकं पाडून एकेका दोरीत ओवली. काम झालं की ज्याचं त्यानं झाकण खिळ्यावर टांगायचं, नाहीतर ते खालच्या वाटीत पडून राहील. संध्याकाळी दिवा लावताना सगळी परत वाटीत. तीन झाकणं प्लास्टिकची, सुईचं तेवढं पत्र्याचं, लांबून दिसावं म्हणून.

मी दारातून आकडा ओरडायचो. "तेरा!" म्हणजे दूध आलेलं नाय, बाकी सगळं झालं. शेजारच्यांना वाटायचं, म्हातारा घरात बसून सोरट चालवतो.

एक दिवस सकाळी भाजी घेऊन आलो तर माझ्या गोळीचं झाकण खिळ्यावर. मी तर गोळी घेतलीच नव्हती, न्याहारीच व्हायची होती. डोकं फिरलं. आता मापाड्याची एक रीत असते, तोलात जरा जरी शंका आली तर वाद घालत बसायचं नाय, पारडं पुरं मोकळं करायचं आणि पहिल्यापासून तोलायचं. या रितीपायी बाजारात माझा दबदबा होता. मी फळीवरून एकच हात फिरवला, होतं नव्हतं ते खाली काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. आकडा किती होता ते बघितलंसुद्धा नाय. जो तोल खोटा तो वाचायचा कशाला?

मग खिशातून एकेक दोरी ओढत नव्यानं. नळ सोडून बघितला, पाणी होतं, एकाचं लावलं. फ्रिजात दूध होतं, दोनाचं लावलं. भाकरी खाऊन गोळी घेतली, चाराचं लावलं. म्हातारीला विचारलं, सुई झाली का. ती म्हणाली, आठवत नाय बाई. जे वजन डोळ्यांनी बघितलं नाय ते मी पारड्यात टाकत नसतो. आठाचा खिळा मोकळा ठेवला आणि छाती काढून ओरडलो, "सात!"

सून मीटिंगमधून बाहेर आली. सात म्हणजे आठाचा खिळा मोकळा, तिला आकडा कळायला उशीर लागत नाही. नवऱ्याला फोन लावला तर बंद. त्याच्या कारखान्यात फोन गेटवरच जमा करून घेतात. तिनं फ्रिजातून सुई काढली, म्हातारीनं पदर बाजूला केला.

सुनेनं एकदा विचारलं, "मामा, फळी बरोबर आहे ना?"

"काट्यात खोट नाय," मी म्हणालो.

आणि चष्मा काढायला खिशात हात घातला. बोटाला पत्रा लागला.

पत्र्याचं झाकण एकच. ते खिशात होतं म्हणजे सकाळी खिळ्यावर होतं, वाटीत नव्हतं. खिळ्यावर होतं म्हणजे सुई झालेली होती. चौथी नापासालासुद्धा एवढं कळतं. पण उगीच कशाला खोटं बोलू, एक क्षण मी ते झाकण मुठीत दाबून उभा राहिलो. एवढ्या वर्षांत माझ्या काट्याबद्दल कुणी शब्द काढला नव्हता, आणि आता काढायचा तर मलाच.

"थांब," मी म्हणालो. "काट्यात खोट हाय."

झाकण पुढं केलं, सगळं सांगितलं. सुनेनं सुईला टोपण लावलं. बोटाला टोचून साखर बघितली आणि म्हणाली, आता मुलाचा फोन येईपर्यंत द्यायची नाही, एक वेळ चुकली तर निभावेल, दोनदा गेली तर नाही. म्हातारीनं पदर सावरला आणि विचारलं, "म्हंजी झाली का नाय?" मी तिच्यासमोर बसून राहिलो. तिला घाम येतोय का ते बघत होतो, आणि घाम मलाच येत होता.

दुपारच्या सुट्टीत मुलाचा फोन आला. सुई त्यानंच दिली होती, झाकणही लावलं होतं. माझ्या गोळीचं झाकण कुणी लावलं, तेही उघड झालं. म्हातारी म्हणाली, "एकलंच वाटीत पडलं व्हतं, बरं दिसंना, म्हून लावलं."

सून हसली नाही. मला टेबलापाशी बसवून म्हणाली, "मामा, पोतं काट्यावरच असतं, म्हणून तुम्हाला परत तोलता येतं. इथं पोतं निघून गेलेलं असतं. तार क्षणभर तुटली आणि परत जुळली, तर ती तुटली होती हे त्या एका घरालाच ठाऊक. ते पुसलं की साक्षीदार गेला."

मी विचारलं, मग एक घर खोटं निघालं तर काय करायचं? म्हणाली, आधी पूर्ण आकडा वाचायचा, मग फक्त तेवढं एक घर बदलायचं, शेजारच्या घरांना बोट लावायचं नाही. त्यांच्या हापिसातही एकजण सगळं शून्य करून मोकळा होतो. मी विचारलं, त्याला तुम्ही काय म्हणता?

"ते तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाही."

नंतर तिनं नवा कायदा केला. कार्डाची तब्येत कार्डानंच लिहायची असते, कोडनं ती नुसती वाचायची. तसं आठाच्या खिळ्याला आता सुई देणाऱ्यानंच हात लावायचा, संध्याकाळी झाकण उतरवायचं तेही सुनेनं. मला वाचायची परवानगी आहे. माझ्या स्वतःच्या फळीवर.

म्हातारीला मात्र हा कायदा भलताच आवडला. रोज सकाळी ती मला फळीसमोर उभं करते, हात पाठीमागं बांधायला लावते आणि विचारते, "माझी झाली का?"

"झाली."

"नक्की?"

"जवळ येऊन बघ."

ती येत नाय. मोतीबिंदूमुळं तिला लांबचं नीट दिसत नाय आणि जवळ यायचा कंटाळा. पण मला वाटतं, तिला माझा भरोसा वाटतो. तसं सुनेला बोलून दाखवलं, तर ती स्क्रीनवरून मान न काढता म्हणाली, "हात पाठीमागंच ठेवा, मामा."