पिवळा पडणारा स्फटिक

आठ महिने जपून वाढवलेला प्रथिनाचा स्फटिक क्ष-किरणांच्या झोतात फिरत होता आणि जाड भिंतीबाहेर आम्ही दोघी त्याला पडद्यावर पाहत होतो. सकाळी काचेसारखा नितळ होता. आता मधोमध पिवळा पडू लागला.

"मॅडम, जळतोय तो. थांबवू?" वैशालीने विचारलं. तिनेच तो वाढवला होता.

"अजून अर्धा फिरायचाय गं. आत्ता थांबवलं तर रचना अर्धवटच कळेल."

किरणांशिवाय आतलं दिसत नाही, आणि किरण आतलं टिकू देत नाहीत. शेवटच्या आजारात बाबांनाही मी असंच विचारत राहिले होते, कुठे दुखतंय, नक्की कुठे. सांगून सांगूनच ते थकले.

वैशालीने पडद्यावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा.

"फिरू दे," मी म्हणाले, आणि मला पुढे बघवलं नाही.